मोठ्या माशांचा गट

पिठाच्या डब्यामागे नारळ. शेंडी वर, शेंडीखाली हळदीकुंकवाची दोन बोटं, आणि शेंडीला दोन वेढे देऊन बसवलेला केसांचा निळा रबर... नम्रताने डबा ओढला होता तो मसाला कुटायच्या डंकावर न्यायच्या धण्यांची पिशवी शोधायला, आणि आता डबा अर्धवट पुढे आलेला, हात डब्यावर, डोळे नारळावर – हा इथे कसा? हा तर आत्ता बेटावर असायला हवा होता, मनवाच्या हातात. किंवा मनवाच्या हातातून सुटून समुद्रात.

रबर मनवाचाच. दुसऱ्या कुणाच्या नारळात आपला नारळ मिसळला तर, म्हणून तिने तो स्वतः बसवला होता. आठ वर्षांच्या मुलीला असल्या शंका येतात, आणि त्या कुणाच्या पोटातून तिच्या पोटात आल्या हे या घरात कुणाला विचारायची गरज नव्हती. गेल्या रविवारी नम्रताची आई, सुंदराबाई, लालबागच्या चाळीतून करी रोडच्या या एकोणिसाव्या मजल्यावर नारळ घेऊन आली, नातीच्या हातात दिला आणि म्हणाली, "पयल्यांदा दर्यार चललंस. पाण्यात पाय घालूच्या आधी ह्यो दर्याक दी. मगेच पाय घाल." मनवाने मान डोलावली होती, शाळेत प्रार्थनेला डोलावते तशी. आणि प्रफुल्ल बॅगेची चेन ओढता ओढता हसला होता – अगं, माडांच्या बेटावर नारळ घेऊन जायचा? लोक काय म्हणतील? नम्रताला वाटलं, नुसता बोलतोय. पण तो बोलून थांबणारा माणूस नव्हे. त्याने नारळ काढला आणि कुणाला दिसू नये म्हणून डब्यामागे सारला. नवरे वस्तू लपवतात त्या नेमक्या स्वयंपाकघरात, जिथे त्या सापडल्यावाचून राहत नाहीत.

फ्रिजवर कागद होता, आंब्याच्या आकाराच्या चुंबकाखाली. क्रूझवाल्यांनी पाठवलेला, मनवाने छापून आणायला लावलेला. 'बेटावरचा एक दिवस – बालदोस्तांसाठी.' साडेनऊ, वाळूचे किल्ले. सव्वादहा, शिंपले ओळखा. अकरा वाजता मुलांचे दोन गट: छोटे खेकडे किनाऱ्यावर खजिना शोधणार, मोठे मासे चेहऱ्याला मास्क लावून पाण्यात उतरणार आणि प्रवाळातले रंगीत मासे बघणार. सव्वाबारा, शहाळं पिण्याची शर्यत. मोठ्या माशांपुढे कंसात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, वय सात ते बारा, पोहता येणाऱ्या मुलांसाठी.

पोहता येणाऱ्या... त्या दोन शब्दांपाशी ती गेले चार दिवस येऊन थांबत होती. जेवताना, प्रभादेवीच्या ऑफिसात, दात घासताना. कारण क्रूझच्या अर्जात पोहता येतं का, हो की नाही, या रकान्यात 'हो'वर बोट तिनेच ठेवलं होतं. प्रफुल्लने नाही. प्रफुल्लला तर मनवाला पोहता येतं असंच वाटत होतं. एप्रिलमध्ये दादरच्या तलावावर एकवीस दिवसांचा वर्ग झाला होता, शेवटी सगळ्या मुलांना प्रमाणपत्रं मिळाली होती, आणि त्याने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकल्यावर सव्वीस अंगठे आले होते. पण शेवटच्या दिवशी कपडे बदलताना, ओल्या केसांतून पाणी नाकावर ओघळत असताना, मनवा खाली बघत म्हणाली होती, "आई, मी दांडी सोडलीच नाही. एकदापण नाही. बाबांना सांगू नको." एकवीस दिवस ती पोर कडेची दांडी धरून पाय मारत होती. आणि ही, तिची आई, बाकावर बसून, तिने एकदा तरी सोडावी म्हणून, आणि सोडू नये म्हणूनही...

मग तो अर्ज आला. मनवा खांद्यावरून वाकून वाचत होती. 'नाही लिहिलंस तर मी खेकडा होणार. खेकड्यांत सगळी बाळं असतात.' आणि नम्रताला एकदम सहावीतली सहल आठवली. अलिबागला गेलेली, बाईंच्या हातातली यादी, त्यात तिच्या नावापुढे आईच्या वळणदार अक्षरात 'पाण्यात सोडू नये'. सगळ्या मुली भिजून, ओरडून, वाळूत लोळून आल्या आणि ही चपलांच्या ढिगापाशी राखणीला बसली. दादरच्या चौपाटीवर तेच. लाट घोट्यापर्यंत आली की आईची पकड मनगटावर घट्ट होई, बांगडी रुते. त्या मनगटापासून ही भीती अंगात शिरली ती आजतागायत मुक्कामाला होती. प्रफुल्लच्या कंपनीने दोघांची तिकिटं दिली तेव्हा, मला सुट्टी नाही, तुम्ही बापलेक जा, असं तिने सांगितलं; सुट्टी होती, आजच्या मसाल्यासाठी तिने ती काढलीही होती. चार दिवस खाली नुसतं पाणी, ते तिला झेपणारं नव्हतं. हे पुढच्या पिढीत जायला नको, एवढंच तिच्या मनात होतं. म्हणून 'हो'. एका बोटाचं काम. स्वतःच्या भित्रेपणावर औषध म्हणून मी माझी मुलगी पाण्यात ढकलली का?

तिने प्रफुल्लला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. तो सांगून गेलाच होता की बेटावर रेंज नसते, संध्याकाळी बोटीवर परतलो की बोलू. तिने लिहिलं: मनवाला पोहता येत नाही. ती दांडी सोडत नव्हती. तिला पाण्यात पाठवू नको. एक टिक. क्रूझच्या ऑफिसला लावला, तर गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "मॅडम, लाइफ जॅकेट कंपल्सरी असतं, ट्रेन्ड स्टाफ असतो, मी मेसेज पास ऑन करते, तुम्ही टेन्शन नका घेऊ." टेन्शन नका घेऊ म्हटल्यावर ते कधी कुणी परत ठेवलंय? तिने नारळ पिशवीत घातला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि मग एक लबाड विचार आला, बरंच झालं की. नारळ नाही म्हणजे मनवा पाण्यात पाय घालणारच नाही. आजीचा शब्द ती मोडत नाही. बॅग उपसेल, रडेल, किनाऱ्यावर हटून बसेल... नम्रता त्या विचाराला धरून लिफ्टने खाली आली.

लालबागच्या डंकावर सुंदराबाई आधीच येऊन बसली होती, पदराने नाक बांधून, वाळवून खडखडीत केलेल्या मिरच्यांच्या पोत्याला टेकून. मे महिन्यात इथे सगळं गिरणगाव शिंकत असतं. लोखंडी मुसळं एकामागून एक उखळीत पडत होती, जमीन पायाखाली हादरत होती, आणि प्रत्येक घाण्यापाशी एकेक बाई डोळ्यांत तेल घालून बसलेली, कारण आपला मसाला आपल्या डोळ्यांदेखत कुटून घ्यायचा हा इथला कायदा. पाठ वळली की आपली बेडगी दुसरीच्या डब्यात जाते, असं प्रत्येकीची आई प्रत्येकीला सांगत आलेली आहे, आणि तशी ती गेलेली कुणी पाहिलेली नाही.

"ताई, बसा इथे घाण्याजवळ," डंकवाला रघुवीर म्हणाला. "मागून बोलाल, माझी मिरची हलकी झाली."

ती बसली. धम्... धम्... लाल चुरा उडत होता, खाली बसत होता, पुन्हा मुसळ. दहा पस्तीस. आता शिंपले संपत आले असतील. मनवाला शिंपल्यांचा कंटाळा येतो. दहा पन्नास. आता गट पाडत असतील – खेकडे इकडे, मासे तिकडे – एखादा उत्साही दादा शिटी वाजवत असेल, यादी वाचत असेल, मनवा प्रफुल्ल..., मोठे मासे. प्रफुल्ल मोबाइल वर धरून चित्रीकरण करत असेल, अभिमानाने, माझी पोरगी बघा. जॅकेट सैल असेल तर? जॅकेटने माणूस वर राहतो, पण घाबरलेलं मूल उलटं झालं तर? तिथे दांडी नाही. चारी बाजूंना कुठेच दांडी नाही, आणि ती हात पुढे करून शोधेल... अकरा वाजले. मी इथे मिरच्या राखत बसलेय. शेजारणीच्या मिरच्यांत माझ्या मिरच्या जाऊ नयेत म्हणून डोळे फाडून बसलेय, आणि माझी मुलगी –

"काय झालां गो?" सुंदराबाईने विचारलं. "मिरची डोळ्यात गेली?"

नम्रताने नाही म्हटलं, आणि मग मुसळांच्या आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही म्हणून की काय, सगळं सांगून टाकलं. रकाना, दांडी, एक टिक. शेवटी पिशवी उघडून नारळ दाखवला.

सुंदराबाईने निळ्या रबरावरून बोट फिरवलं. "ह्यो हंयच रवलो?" ती चिडेल, जावयाचा उद्धार करेल, सिद्धिविनायकाला नवस बोलेल, अशी नम्रताने तयारी केली होती. "रवांदे. बेटार काय नारळांक तोटो? चेडू दुसरो शोधीत."

म्हणजे ती पाण्यात जाणारच. सकाळपासून धरून ठेवलेला तेवढा आधारही आईने सहज काढून घेतला. नम्रताला रागच आला. "तुला काही वाटत नाही? तूच ना मला घोटाभर पाण्यात जाऊ देत नव्हतीस? सगळ्या सहलींत मी चपला राखल्या. पाण्याची भीती तुझी, आणि आयुष्यभर वागवली मी."

"भय?" सुंदराबाईने नाकावरचा पदर खाली केला. "माका पेवक येता."

आईला पोहता येतं. बहात्तर वर्षांची, गुडघ्यांना पट्टे बांधलेली, चाळीच्या जिन्यावर कठडा धरून चढणारी आई – घाण्याकडे लक्ष ठेवून, अधूनमधून रघुवीरला हाताने खुणावत, सांगत होती. खाडीकाठचं गाव, नारळी पुनव, सगळे गावकरी पाण्यात नारळ सोडायचे आणि लाट ते परत घेऊन यायची. "आमी चेडवां त्या नारळांच्या पाठसून जावचों. कोणी शिकवूक नाय. नारळ फुडे, आमी मागे. एकदा मागे वळान बघलंय तर पाय लागणत नाय." मग लग्न, मुंबई, गिरणीतला नवरा, दहा बाय बाराची खोली. "तुझ्या बापाशीक कधी बोलूक नाय. चौपाटीर गेलव काय पाणी बघून माझेच पाय ओढ घेयत. पातळ नेसून, चार माणसांत काय पेवतलंय? म्हणून तुझो हात धरून उभी रवलंय." तिने नम्रताच्या मनगटाकडे पाहिलं. "तुका नाय गो धरलेलंय." आणि लगेच, काही झालंच नाही अशा आवाजात, "घाण्याकडे बघ. खोबरा घालूचा रवला."

नम्रता घाण्याकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि डंकावर त्याचं कारण कुणी विचारत नाही. म्हणजे ती भीती नव्हतीच. मनगटावर जे रुतत होतं, सहलीच्या यादीत जे लिहिलं होतं, ते काहीतरी वेगळंच होतं, आणि आपण त्याला भीती हे नाव देऊन तीस वर्षं पाळली, पोसली, तिच्यावर उपाय म्हणून लेकीच्या नावापुढे 'हो' लिहिलं. हसावं की आईला धरून हलवावं, कळेना. तिने दोन्ही केलं नाही, खोबरं घातलं.

घड्याळात बारा वीस झाले होते. हे तिच्या लक्षात आता आलं. अकरा उलटून गेले होते. ते पाणी, ते मास्क, तो तास संपला होता. जे व्हायचं ते तिथे होऊन गेलेलं होतं, चांगलं की वाईट. फक्त ते अजून लालबागपर्यंत पोहोचलं नव्हतं. आता शहाळ्याची शर्यत चालू असेल. किंवा नसेल... तिने फोन काढला. सकाळचा संदेश तसाच, एक टिक. आता त्याने कुणाला वाचवता येणार नव्हतं. आता तो नुसती चहाडी होता, बाबांना सांगू नको म्हणणाऱ्या पोरीची. तिने तो पुसला. पुसल्याची खूण राहते, ती राहिली.

मसाल्याचा डबा घेऊन ती घरी आली. हात साबणाने चारदा धुतले तरी बोटं धगधगत होती. नारळ ओट्यावर ठेवला, शेंडीचा रबर काढला, इकडे ठेव तिकडे ठेव करत शेवटी मनगटात घातला. बरण्या भरल्या, हिंगाचे खडे टाकले, झाकणांना फडकी बांधली. चार वाजले, पाच वाजले. खिडकीतून, नव्या इमारतींच्या फटीतून, बंदराचं बोटभर पाणी दिसत होतं. एरवी ती तिकडे पाठ करून भाजी निवडते.

फोन लागला की आधी काय विचारायचं, ते तिने चार दिवस घोकलं होतं. बरी आहेस ना? तेच विचारायचं, दुसरं काय. पण बरणीला फडकं बांधताना त्या प्रश्नाखालून दुसरा वर येत होता. सोडलीस का? तो तिने दाबला, तो पुन्हा वर आला. पोर सुखरूप आहे की नाही ते माहीत नसताना असला प्रश्न मनात येणाऱ्या बाईला आई म्हणायचं का? आणि उत्तर कुठलं हवंय? नाही, मी वाळूतच बसले, असं ती म्हणाली तर देव पावला म्हणायचं. आणि तरीही, आत कुठेतरी, कुणीतरी चपलांच्या ढिगापाशी पुन्हा एकटं बसेल. हो म्हणाली तर... हो म्हणाली तर ती पुढे गेलेली असेल, आणि मागे वळून बघेल तेव्हा पाय लागत नसतील.

सहा वाजून वीस मिनिटांनी ओट्यावरचा फोन थरथरला. प्रफुल्ल. नारळ त्या थरथरीने जरासा सरकला. नम्रताने उजवा हात पुढे केला, बोटं अजून आगीसारखी, दुसरी रिंग झाली, तिसरी. आणि तिच्या ध्यानात आलं की डाव्या हाताने, निळा रबर घातलेल्या हाताने, आपण मघापासून ओट्याची कड गच्च धरून उभ्या आहोत. फोन एका हाताने घेता येतो. कड तिने अजून सोडली नव्हती.