चव्वेचाळिसावा खण

मित्रांनो, मी एक जुना साठखण्या आहे. म्हणजे साठ छोट्या खणांचे लाकडी कपाट. हे नाव मला ज्या घरात मी राहतो त्या घरच्या ताईंनी ठेवले; त्या पुढे येतीलच. कपाट म्हणण्याइतका मी उंच नाही आणि टेबल म्हणण्याइतका रुंद नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढून मी अजूनही देखणा आहे. प्रत्येक खणाला पितळी मूठ आहे आणि मुठीखाली आकडा. मागे मात्र मला पाठच नाही. ती कशी गेली, तेवढेच मला सांगायचे आहे. नीट जमेल की नाही कोण जाणे. सगळे वेगवेगळ्या खणांत ठेवायची सवय, त्यामुळे एका ओळीत मांडणे मला अवघड जाते.

मला एका सुताराने औषधाच्या दुकानासाठी घडवले. खिळा एकही नाही, सगळे खाचांवर आणि सरसावर. काम इतके नेमके की एक खण आत लोटला की आतल्या हवेने शेजारचा हळूच बाहेर यायचा. दुकानात मी पुड्या सांभाळल्या, गोळ्या सांभाळल्या. पुढे औषधे तयार पाकिटांतून येऊ लागली आणि माझी रवानगी मागच्या बोळात, मोडक्या तराजूशेजारी झाली. तिथून मला मीटरवाल्यांनी घरी नेले.

मीटरवाले म्हणजे घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचणारे. मीटर बहुधा मागच्या भिंतीवर असतो आणि मागच्या भिंतीशी असते बाग. आकडा टिपता टिपता त्यांना एखादी वाळलेली शेंग दिसायची. "घेऊ का हो एक?" एवढेच ते विचारायचे. तेवढे विचारतानाही त्यांचे कान लाल व्हायचे. असे करत एकतीस वर्षांत त्यांनी माझे साठही खण बियांनी भरले. मुळा, झेंडू, सूर्यफूल, भोपळा आणि कितीतरी बिननावाच्या वेली.

लोक यायचे, खण ओढून बघायचे आणि म्हणायचे, "वा! काय जपलंय!" मी फुगून जायचो. बी मात्र कोणाला मिळत नसे. "एक दिलं की खण ओकाबोका दिसतो," मीटरवाले म्हणायचे. त्यांनी स्वतःही कधी काही पेरले नाही. कीड लागू नये म्हणून दर उन्हाळ्यात ते बिया छपराच्या पत्र्यावर भर दुपारी वाळवायचे. त्या टणटणीत वाजू लागल्या की खूश होऊन परत आणायचे. एवढी माया जगात कोणी करत नसेल, असे मला वाटायचे.

चव्वेचाळिसाव्या खणात घेवडा होता. जांभळा, पोटावर पांढरा ठिपका असलेला. तो ताईंनी दिलेला. ताई म्हणजे मीटरवाल्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. हा घेवडा त्यांच्या आईचा. आई गेल्यावर ताईंनी तो दरवर्षी लावून टिकवला. मग त्या आजारी पडल्या. दोन हंगाम अंगण ओस राहिले आणि घरातले बियाणे किडीने खाल्ले. जरा बरे वाटताच त्या काठी टेकत आमच्याकडे आल्या.

"बाळ्या, माझा घेवडा काढ बघू. बारा वर्षांपूर्वी ओंजळभर दिला होता."

"सगळा?"

"नाही, अर्धा तुझ्या प्रदर्शनाला ठेव! अरे, पेरायचाय मला. आता तो आणखी कुठेच नाही."

मीटरवाल्यांनी मोजून दहा बिया काढल्या. ताईंनी पसरलेला हात मागे घेतला नाही. शेवटी खण रिकामा झाला.

आठव्या दिवशी ताई परत आल्या आणि एक ओले फडके त्यांनी माझ्यावरच उलगडले. आत मोड नव्हता. सगळ्या बिया कुजल्या होत्या.

"उन्हात ठेवत होतास का रे?"

"दर उन्हाळ्यात. पत्र्यावर."

"म्हणजे भाजल्यास की!" त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

मीटरवाल्यांनी मग बाकीच्या प्रत्येक खणातल्या थोड्या थोड्या बिया ओल्या फडक्यांत बांधल्या. घरभर फडकी लोंबकळू लागली. साठांपैकी सहाच खणांतल्या बियांना मोड आले, तेही अलीकडे भरलेल्या. ताई पाहायला आल्या तेव्हा मीटरवाले माझ्यासमोर स्टुलावर बसले होते.

"ताई, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता आली असती ना..."

"असती कशाला? चौसष्ट हे काय वय आहे? कर की!"

"घेवडाच नाही राहिला. कशानं करू?"

मित्रांनो, मला उत्तर ठाऊक होते. बारा वर्षांपूर्वी खण शिगोशीग भरताना काही बिया मागे सांडल्या होत्या. खण आणि पाठीची फळी यांच्या फटीत, माझ्या थंड अंधारात, ऊन न लागता त्या पडून होत्या. पण लाकडाला तोंड कुठे असते?

मीटरवाल्यांनी चव्वेचाळिसावा खण आत लोटला. तो बोटभर बाहेरच राहिला. बारा वर्षे तो तसाच राहायचा. फार भरल्यामुळे अडत असेल, असे ते समजत आले होते. या वेळी मात्र त्यांचा हात थांबला.

"इतका भरलेला होता तेव्हा ठीक. आता रिकामा आहे, तरी बसत नाही?"

त्यांनी खण उपसून हात घातला. बोटांना काहीतरी लागले आणि आणखी खोल घसरले.

"फळी काढावी लागेल."

"सरसाने बसवलेली आहे," ताई म्हणाल्या. "फुटेल. एवढं देखणं काम!"

"फुटू दे."

त्यांचे कान लाल झाले नव्हते. पहिल्या घावाला मी कळवळलो, दुसऱ्याला मनात म्हणालो, मारा! फळी उभी चिरली. आतून अकरा बिया निघाल्या. त्यांतल्या तीन उगवल्या.

तीन वेलांवरून त्या वर्षी दोन ओंजळी बी मिळाले. एक ओंजळ ताईंची. दुसरी मीटरवाल्यांनी त्याच जुन्या घरांत फिरून वाटली. आता ते "घेऊ का?" असे विचारत नाहीत, "लावाल का?" असे विचारतात. माझ्या प्रत्येक खणात चिठ्ठी असते: बी कोणाच्या अंगणातले, शेवटचे कधी पेरले, कोणाकोणाला दिले. पत्र्यावर आता फक्त गोधड्या वाळतात. साठांपैकी जेमतेम वीस खण भरलेले असतात. तेही दरवर्षी बदलतात. मला पूर्वीसारखे कोणी "वा!" म्हणत नाही.

तुम्हीही काही ना काही जमवत असाल. जरूर जमवा. फक्त एवढे करा: कुठून आले ते त्याच दिवशी लिहा आणि ज्यासाठी ते जन्मले, ते त्याला करू द्या. आमचे खण गच्च भरून आमचे कौतुक करू नका. आम्हाला वरचेवर रिकामे करा.

आज चव्वेचाळिसावा खण रिकामा आहे. घेवडा जमिनीत आहे. आणि तो खण, मित्रांनो, आता अगदी आतपर्यंत बसतो.