बाबांचे पॉइंट

"काका, तुम्ही बसून बोललात तरी चालेल," काउंटरवरची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

"मला उभ्यानंच बरं वाटतं," ते म्हणाले आणि दारापर्यंत आणखी एक फेरी मारून आले.

बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला बसू देतं कोण? कुठे कुणी दोन मजल्यांच्या मधे अडकलं की भरल्या ताटावरून उठायचं ते यांनी. निवृत्त होऊन आता तीन महिने झाले होते, पण ही बातमी पायांपर्यंत पोचलीच नव्हती. हॉलिडे क्लबच्या या कार्यालयात येताना लिफ्टने चौथ्या मजल्यावर किंचित धक्का दिला, तर बाहेर पडल्यावर यांनी तिला बटण दाबून दोनदा परत बोलावलं आणि दाराच्या फटीला कान लावला. मागे उभ्या असलेल्या बाई जिन्याने गेल्या.

"मग काय करायचं, काका? पॉइंट वापरताय की सोडताय? आज शेवटची तारीख आहे, आता पुढे ढकलता येत नाहीत. पाच वाजता सिस्टिम बंद होते. काहीच केलं नाहीत तर पॉइंट आपोआप बाद."

"ते माहीत आहे मला. पुन्हा एकदा सांगा, जहाजाचं काय म्हणालात?"

मुलीने पुन्हा एकदा सांगितलं. पोरगी गुणाची होती. काकांचे सगळे पॉइंट मिळून क्रूझवरची एक केबिन मिळत होती. दोघांसाठी, आतल्या बाजूची, बिनखिडकीची. तीही सुट्ट्यांमध्ये नाही, सीझन संपल्यावर. चार दिवस. बंदराचे कर आणि बाकीचं किडुकमिडुक रोखीने भरायचं ते वेगळंच. नाहीतर दुसरा मार्ग असा, की पॉइंट क्लबला परत करायचे आणि त्या बदल्यात घरच्यांच्या रोख तिकिटांवर सूट घ्यायची. म्हणजे सगळे एकत्र, सुट्टीत, समुद्राकडच्या खोल्यांमधून.

"अठरा वर्षं साठवले हो," काका म्हणाले. अठरा वर्षांपूर्वी ती मुलगी दुसरीत असेल.

खरं सांगायचं तर हे पॉइंट घेतले तेव्हा काकांना फिरायची काही हौस नव्हती. फोन आला होता, जोडीने या, चहा घ्या, तासभर ऐका आणि सुटकेस फुकट घेऊन जा. एवढ्या मोठ्या हॉटेलात ते तोपर्यंत फक्त लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते. त्या दिवशी पुढच्या दाराने गेले. टाय लावलेल्या एका तरुणाने खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, "बसा सर." आयुष्यभर 'ए लिफ्टवाले, किती वेळ?' एवढंच ऐकलेला माणूस त्या एका 'सर'पायी विरघळला. दर वर्षी पॉइंट जमा होणार, त्या पॉइंटांवर कुठल्याही गावी हॉटेलात राहायचं, आणि भरपूर साठले की, सर, जहाजसुद्धा! बायको घरी शिवणकाम करायची. भरतकामाचं मशीन घ्यायचं म्हणून तिने पैसे बाजूला ठेवले होते. पहिली रक्कम त्यातून गेली. "चालेल," एवढंच ती म्हणाली होती. सुटकेसचं चाक घरी पोचायच्या आत निघालं.

मग सुरू झालं साठवणं. पहिल्या वर्षी थोरलीची परीक्षा. दुसऱ्या वर्षी एका इस्पितळाची लिफ्ट बंद पडली आणि रजा रद्द झाली. तिसऱ्या वर्षी खरंच काही अडचण नव्हती, बॅगाही काढल्या होत्या. पण तोवर काकांच्या डोक्यात जहाज शिरलं होतं. "एवढ्याशा गावाला जाऊन पॉइंट कशाला फुकट घालवायचे? साठू दे. जाऊ तर एकदम सगळे जहाजानेच जाऊ!" झालं. दर वर्षी वर्गणी भरायची, पॉइंट पुढे ढकलायचे आणि म्हणायचं, साठू दे. घरात तो विनोदच होऊन बसला. धाकट्याने मित्राला पुस्तक दिलं आणि ते परत आलं नाही, की म्हणायचा, "बाबांच्या पॉइंटांत जमा." काकाही हसायचे. पण मनातून म्हणायचे, हसा लेको. एक दिवस तुम्हाला सगळ्यांना जहाजात बसवतो की नाही बघा.

आणि परवाच्या रविवारी थोरलीनेच जहाज आणलं. जेवणं झाली होती. जावई, धाकटा, सून, सगळे होते. तिने टेबलावर लॅपटॉप उघडला.

"बाबा, सगळे जाऊ या. नऊ जण, तान्ह्यासकट. मी सगळं बघून ठेवलंय. फक्त तुमचे ते पॉइंट परत करा, म्हणजे सूट मिळेल."

"परत करा म्हणजे? माझ्या पॉइंटांवर तिकिटं काढ की!"

"त्यात एक केबिन येते, बाबा. दोघांची. तीपण बिनखिडकीची आणि भलत्याच तारखेला. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच सुट्टी नाही."

"एक? अठरा वर्षांत एक?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. बहुतेक जावई. तो वाईट माणूस नव्हता, पण हसला. आणि काकांचं डोकं फिरलं.

"मी आयुष्यभर कुणाकडे हात पसरला नाही. पोरांच्या पैशाने मिरवायला मी काय म्हातारा झालोय? जाईन तर माझ्या पॉइंटांवर, नाहीतर जाणार नाही. तुझी आईसुद्धा येणार नाही!"

"मी काय म्हणते," बायकोने तोंड उघडलं.

"तू मधे पडू नकोस," काका म्हणाले, आणि चपला घालून बाहेर पडले. गल्लीला चार फेऱ्या मारून परत आले तेव्हा सगळे निघून गेले होते. बायको भांडी पुसत होती. ती त्या विषयावर त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

आणि आज सकाळी, "जरा जाऊन येतो," म्हणून काका इकडे आले होते. काय करायला, ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. लिफ्टने वर येताना एक मन सांगत होतं, ती अंधारी खोली तर अंधारी खोली, आपल्या हक्काची तर आहे. दुसरं मन म्हणत होतं, तोंडावर पडलास, आता आणखी शोभा करून घेऊ नकोस.

"काका, मी तुमची फाइल काढलीय. नाव तपासून घ्या," मुलगी म्हणाली.

जुना फॉर्म होता. वर चार फोटो डकवलेले. काका स्वतः, मिशा काळ्याभोर. बायको, घाबरलेली. दोन वेण्या घातलेली थोरली. आणि धाकटा, पुढचा दात पडलेला, तरी तोंड फाकून हसणारा. फोटो काढताना तोंड मिटायला सांगितलं होतं कार्ट्याला, तर आणखीच हसला होता. खाली लिहिलं होतं, सभासदाचे कुटुंब, मुले दोन, वय वर्षे बारा व नऊ.

काका तो फोटो बघत राहिले. जहाज ते ह्यांच्यासाठी साठवत होते. ह्या दातपडक्याला कठड्याशी उभं करून समुद्र दाखवायचा होता. तो पोरगा आता कुठे होता? त्याला टक्कल पडायला लागलं होतं, आणि तो स्वतःच्या पोराला समुद्र दाखवायला निघाला होता. आपण नाही म्हणून बसलो तर ते सगळे जातील आणि ही बिचारी घरी राहील, माझ्या हट्टापायी. तिचा जीव त्या नातवंडांत अडकलेला. नाही, एवढा दुष्टपणा नको.

"सोडतो," ते म्हणाले. "कुठे सही करू?"

"काकूंना एकदा फोन करून विचारायचंय का? सहसभासद आहेत त्या."

"तिची सही लागते?"

"लागत नाही. मुख्य सभासदाची चालते."

"मग तिला काय विचारायचं? नातवंडं म्हटली की ती एका पायावर तयार!"

त्यांनी सही केली. ठसठशीत, खाली रेघ मारून. बाहेर येऊन थोरलीला फोन लावला. "सोडले गं पॉइंट. काढ तिकिटं. पण आम्हा दोघांचे पैसे मी देणार, त्यात वाद नाही." पलीकडे पोरगी किंचाळलीच. "बाबा, तुम्ही ग्रेट आहात!" काका घरापर्यंत चालत गेले. अठरा वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. अहंकार गिळणं म्हणजे काय खायचं काम आहे? ते आपण केलं, आणि कुणी न सांगता केलं. बायकोचा चेहरा कसा खुलेल, ते त्यांनी वाटेत दोनतीनदा डोळ्यासमोर आणून पाहिलं.

ती मशीनवर होती. काकांनी चप्पल काढायच्या आत सांगून टाकलं.

"पॉइंट देऊन आलो परत. सगळ्यांबरोबर जायचं आपण. सुट्टीत. नऊ जण!"

मशीन थांबलं. तिने चाकावर हात ठेवला आणि नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

"अगं, बोल की काहीतरी. खिडकीची खोली आहे."

"मला विचारलं का नाहीत?"

"तुला आनंद होईल असं वाटलं मला."

"तुम्हाला वाटलं," ती म्हणाली. रागावली असती तर काकांना ते जमलं असतं, राग त्यांच्या सवयीचा होता. ही तर दमल्यासारखी बोलत होती.

मशीनच्या सुईखाली कापड होतं. फिकट निळं, खाली बारीक पांढरी झालर, वर अडकवायला चार पट्ट्या. काकांनी एक टोक उचललं. "हे काय शिवतेस?"

"पडदा."

"कुठल्या खिडकीचा?"

"त्या केबिनला खिडकी नाही म्हणाली ना थोरली? म्हणून शिवला. भिंतीला लावला की वाटलं असतं, मागे आहे खिडकी. चिकटवायचे हूकपण आणलेत. जहाजात खिळा कोण ठोकू देणार?" ती जराशी हसली. "माप काही कळेना. अंदाजाने शिवला."

काका उभेच राहिले. "म्हणजे तुला त्या अंधाऱ्या खोलीत जायचं होतं? पोरांना सोडून?"

"पोरं माझीच आहेत. नातवंडंही माझीच. पण त्यांच्यात गेले की मी आई होते, आजी होते, सासू होते. बाटली उकळा, पोर झोपवा, तुम्ही या गं फिरून, मी आहे. ते मी घरी करतेच, आवडीने करते. चार दिवस मला कुणाचं काहीच व्हायचं नव्हतं. तुम्ही आणि मी. आणि कुठेही लिफ्ट अडकली तरी तुम्हाला उठून जाता आलं नसतं. भर समुद्रात कुठे जाणार होता?"

काकांनी फोन काढला. घाईत दोनदा चुकीचा नंबर लागला. काउंटरवरची मुलगी ओळखीच्या सुरात बोलली, पण तिच्या हातात काही नव्हतं. पॉइंट सिस्टिममधून गेले होते, सूट थोरलीच्या तिकिटांवर लागलीसुद्धा होती. "सॉरी काका," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं.

"आपण दोघं नंतर जाऊ," काका घाईघाईने म्हणाले. "रोख पैसे भरून. पुढच्या वर्षी. नक्की."

"जाऊ की," बायको म्हणाली. तिच्या त्या 'जाऊ की'त भांडण नव्हतं, आशाही नव्हती. अठरा वर्षं ती हेच म्हणत आली होती आणि काकांना ते आज ऐकू आलं.

तिने सुई वर केली, कापड बाहेर ओढलं आणि मांडीवर घेतलं. मग झालरीच्या कडेला नख घालून ती एक टाका शोधायला लागली.

"आता काय करतेस?"

"उसवते. कापड चांगलं आहे. धाकट्या नातीचा फ्रॉक होईल, जहाजावर घालायला."

काकांनी स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. पडद्याचं दुसरं टोक हातात धरून त्यांनी कापड ताणलं, म्हणजे तिला टाके दिसावेत. तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते, ते एवढे कधी झाले, हे काही त्यांना सांगता आलं नसतं.

"अगं," ते शेवटी म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "तुला काय पाहिजे?"

तिने मान वर केली नाही.

"ती छोटी कात्री द्या," ती म्हणाली.