कपडे वाळत घालायची तार

गारमाळच्या सेवा केंद्रातलं इंटरनेट दुपारी एकच्या ठोक्याला जायचं आणि चारला परत यायचं. सरकारी नोकरसुद्धा इतक्या नेमानं जेवायला जात नाही. तो बाराला उठतो आणि दुसऱ्या दिवशीच दिसतो.

गाव धारूरच्या डोंगरात, खळग्यात पडलेलं. मोबाईलची रेंज म्हणजे शाळेमागच्या टेकाडावरचा एक दगड. त्यावर उभं राहिलं की फोन लागतो, आणि त्यावर कायम कुणीतरी आधीच उभं असतं. म्हणून पंचायतीच्या जुन्या खोलीत वनमाला जे केंद्र चालवायची, त्याचं नेट पंचायतीच्या जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून यायचं. ज्या तारेवरून एकेकाळी "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" एवढंच जायचं, तिच्यावरून आता सातबारे, दाखले आणि पोरांचे फोटो पळायचे. एकपर्यंत.

त्या गुरुवारी वनमालानं लाईनमन त्रिंबकला बोलावून घेतलं. त्रिंबक टेलिफोन खात्यात रोजंदारी धरून पंचवीस वर्षं घासलेला, रिटायर व्हायला आठ महिने उरलेले, आणि हे आठ महिने एकही खांब न चढता काढायचे असा त्याचा पक्का बेत.

"काका, एक्केचाळीस पोरं हायेत," वनमाला म्हणाली. "ऊसतोडीला जाणाऱ्यांची. वसतिगृहाचे फॉर्म उद्या पाचपर्यंत गेले तर गेले. परवा ट्रक लागायलेत. फॉर्म न्हाई गेला तर पोरगं आईबापासंग फडात."

"मग सकाळी भरायचे."

"सकाळी साईट उघडंना. साऱ्या राज्यातली माणसं तिच्या छाताडावर बसलेली असतेत. दुपारी मोकळी व्हती, तर आपलं नेट जेवायला जातं. संध्याकाळी नेट येतं तर लाईट जाती. कुणाला शिव्या देऊ, तुमीच सांगा."

दाराशी सुभद्राबाई बसली होती, पोरीचा शाळेचा दाखला पदराच्या गाठीत बांधून. ती म्हणाली, "यंदा हिला न्यायचं न्हाई बगा. मागल्या साली मोळ्या बांधून हाताची सालटं गेलती. नववीला हाय." ज्या साहेबानं असल्या बायांसाठी पाच दिवसांची मुदत ठेवली, त्याची पोरगी कोणत्या शाळेत असेल हे विचारायला गेलं तर राग येतो लोकांना.

त्रिंबक निघाला. केंद्रापासून एक्स्चेंजच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत दीड किलोमीटर. वाटेत तार एका ठिकाणी बाभळीला साडीच्या काठानं बांधलेली. पुढं एका जोडावर युरियाची पिशवी गुंडाळलेली, आत मुंग्यांचं बिऱ्हाड. त्यानं पिशवी फेकली, तार खरवडली, नवा जोड मारला. त्रिंबक डावरा. सगळं खातं तारेला उजवा पीळ देतं, त्याचा पीळ उलटा जायचा. साडेबाराला केंद्रात आला तर नेट नुसतं धावत होतं.

"काका, तुमी देव हाव!" वनमाला म्हणाली.

एकच्या ठोक्याला मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला.

"देव जेवायला गेला," वनमाला म्हणाली.

त्रिंबक चिडून एक्स्चेंजला गेला, लाईनला तपासणीचं यंत्र लावलं. यंत्र म्हणालं, या लाईनवर कुणीतरी रिसीव्हर उचलून धरलाय. त्रिंबकनं यंत्राला चापट मारली. केंद्रात रिसीव्हर नव्हताच, फोन मोडून दहा वर्षं झाली होती. यंत्र हट्टानं तेच म्हणालं.

मग त्याला आठवलं.

वीस वर्षांमागं तो रोजंदारीवर खड्डे खणायचा. तेव्हा गावात फोन एकच, पंचायतीचा, आणि सरपंच होता बंकट. अर्जुनराव बंकटचा वैरी. एका पावसाळ्यात अर्जुनरावानं त्रिंबकला बोलावून सांगितलं, "पंचायतीच्या तारेला एक फाटा काढ. लिंबावरनं, गोठ्यातनं, माझ्या खोलीत. तुझ्या नोकरीचं मी बघतो." त्रिंबकनं फाटा काढला. अर्जुनरावानं नोकरीचं बघितलं. बंकट कुणाला काय बोलतो, कुठं सभा घेतो, कुणाच्या बारशाला जातो, सगळं अर्जुनरावाच्या कानात. पुढच्या निवडणुकीत बंकट पडला तो उठलाच नाही. लोक म्हणाले, अर्जुनरावाला माणसाच्या मनातलं कळतं. मनातलं कसलं, गोठ्यातलं!

त्रिंबक परत येऊन म्हणाला, "केबल जुनी हाय. वरनं निधी न्हाई."

वनमालानं त्याच्या टोपीवरच्या हाताकडं बघितलं. "काका, खोटं बोलताना तुमी टोपी सारखी करता."

सुभद्राबाईनं पदराची गाठ सोडली, दाखला बघितला, परत बांधली. ते काही त्रिंबकला बघवलं नाही. तो तडक अर्जुनरावाच्या घरी गेला.

ओट्यावर गीताबाई शेंगा फोडत होत्या. "आत हायेत. ऐकायलेत."

"काय ऐकायलेत, वैनी?"

"मला काय ठावं? वीस वर्षं झाली ऐकायलेत. एकदा इचारलं तर म्हणले, राजकारण हाय, तुला कळायचं न्हाई. मी म्हणलं ऐका. माझं तरी कुठं ऐकता."

आत पलंगावर अर्जुनराव आडवे, काळा रिसीव्हर कानाला, पोटावर वही. वहीत लिहिलेलं: एक वीस, खर्रर्र. एक चाळीस, खर्रर्र, मधी टकटक. दोन पाच, बारीक शीळ.

"ये बे तिंब्या," ते कुजबुजले. "बंद लाईनीत दोन वर्षांपून परत जान आली. पर विरोधक लई हुशार झालेत. कोडमधी बोलायलेत."

"मालक, त्यो नेटचा आवाज हाय. त्याच तारेवरनं पोरांचे फॉर्म जातेत. तुमी रिसीव्हर उचलला की नेट मरतंय."

"कुणाचा माणूस हाय ह्यो नेट?"

"माणूस न्हाई मालक, इंटरनेट! ठिवा खाली त्यो. उद्या एक दिवस ऐकू नका. एक्केचाळीस पोरांचा सवाल हाय."

अर्जुनराव उठून बसले. "उद्या? उद्या तर तिकिटाची बैठक हाय विरोधकांची. उद्याच ऐकायचं हाय! आन तू मला शिकवायलास? ही तार कुणी जोडली बे? खात्याला कळलं तर मी म्हणीन, मला काय म्हाईत. तुझा डावा पीळ साऱ्या तालुक्याला ठावा हाय. पेन्शन चुलीत."

त्रिंबक घरी आला. भाकरी गोड लागली नाही. पुढारी माणसाला नोकरी लावून देत नाही, दावं लावून देतो. वीस वर्षांनी ओढतो.

शुक्रवारी एकच्या आत पंचायतीसमोर एक्केचाळीस पोरं, तितक्याच आया, काही बाप, दोन शेळ्या. एकच्या ठोक्याला दिवा विझला. वनमाला काही बोलली नाही, आणि वनमाला बोलत नाही म्हणजे प्रकरण संपलं असं गाव समजतं.

त्रिंबकनं खांद्यावर शिडी घेतली, कमरेला पक्कड खोचली आणि समोरच्या लिंबावर चढला. लिंब अर्जुनरावाच्या दाराशीच. गर्दी शिडीखाली जमली. फांद्यांत हात घालून त्यानं काळी पडलेली तार ओढली, तशी ती पार गोठ्यापर्यंत थरथरली. आत रिसीव्हरमध्ये काय कडाडलं कोण जाणे, अर्जुनराव धोतर सावरत बाहेर धावले.

"ए बे! माझी तार कावून तोडायलास?"

सगळी गर्दी त्यांच्याकडं वळली. शेळ्यासुद्धा वळल्या.

वनमाला पुढं आली. आवाज अगदी साखरेचा. "आण्णा, तुमची तार? कसली?"

अर्जुनरावांनी वर बघितलं. तार पंचायतीच्या खोलीतून निघून, लिंबावरून, त्यांच्या गोठ्यात गेलेली सगळ्या गावाला दिसत होती. गर्दीत पाठीमागं म्हातारा बंकट काठी टेकून उभा होता आणि तारेवरून हळूहळू डोळे फिरवत होता.

"कपडे," अर्जुनराव म्हणाले. "कपडे वाळत घालायची तार हाय."

"अवो, एवढ्या उंच?" गीताबाई ओट्यावरून म्हणाल्या. "मी काय उडत जाते व्हय धोतर वाळू घालायला?"

पोरं खिदळली. वनमाला म्हणाली, "मंग आण्णा, कपड्याची हाय तर तोडू द्या की. काकांच्या कामाच्या आड यायली."

अर्जुनरावांनी गर्दीवर नजर फिरवली. समोर साठेक मतं उभी होती. "तोड की," ते म्हणाले. "लोकांच्या कामापुढं कपडे काय."

कट.

केंद्रातून कुणीतरी ओरडलं, "दिवा लागला!" गर्दी तिकडं पळाली. पहिला अंगठा सुभद्राबाईच्या पोरीचा लागला. सालटं गेलेल्या हातामुळं अंगठ्याच्या यंत्रानं तो तीनदा नाकारला, चौथ्यांदा घेतला. चार वाजून पन्नास मिनिटांनी एक्केचाळिसावा फॉर्म गेला.

वनमालानं कापलेल्या तारेचा तुकडा हातात घेतला होता. जोडावर उलटा पीळ. त्रिंबक टोपी सारखी करायला लागला, मग मध्येच थांबला.

"मीच जोडलती," तो म्हणाला. "नोकरीसाठी."

"दिसलं मला," ती म्हणाली. तुकडा तिनं टेबलाच्या खणात टाकला. "ह्यो माझ्यापाशी राहील. रिटायर व्हईपर्यंत लाईन गेली की एका हाकंत यायचं. बसा, च्या सांगितलाय."

आठवड्यानं त्रिंबकला गीताबाई भेटल्या. त्यानं भीत भीत विचारलं, "मालक कसे हायेत?"

"कसे असतेत? दुपारी रिसीव्हर घिऊन पडलेत."

"पर वैनी, तार तर कापली."

"मी बी त्येच म्हणलं. तर मला म्हणले, गप. विरोधक एकदम गप झालेत. म्हणजी कायतरी लई मोठं शिजायलंय."