मुंग्यांनी दिलेला निकाल

लामिसीच्या दुधात सोडलेल्या सगळ्या मुंग्या मेल्या, आणि तिच्या सासूने, आयाम्पोकाने, तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. दूध कडू आहे, पोराला पाजायचं नाही.

आता या कामात आयाम्पोकाचा शब्द शेवटचा. वस्तीतल्या बाळंतिणींचं दूध वर्षानुवर्षं तीच भोपळ्याच्या तुंब्यात घेऊन पारखायची: मुंग्या जगल्या तर दूध गोड, मेल्या तर कडू. नातवाच्या, अविनेच्या, तोंडाभोवती आणि ढुंगणावर लालभडक चट्टे उठले होते, कातडी सोलत होती, जुलाब थांबत नव्हते. दूध कडू नाही तर मग दुसरं काय, असं तिचं म्हणणं. पोराला बाजरीचं पाणी सुरू झालं. ते रडलं की लामिसीला पान्हा फुटायचा, अंगावरचं कापड भिजायचं, आणि पोर मात्र पलीकडे सासूच्या मांडीवर. जीव तुटायचा बिचारीचा!

बाजरीच्या पाण्यावर पोर आणखीच सुकलं, तेव्हा लामिसी हट्टाला पेटली. "मी याला दवाखान्यात नेते. यायचं तर या, नाहीतर बसा मुंग्या गोळा करत."

सासू आली. तरातरा, नातवाला स्वतःच्या पाठीला बांधून.

डॉक्टरीणबाईंनी पोराला निरखून पाहिलं. "अंगावरचं दूध कोणी बंद केलं?"

"मी," आयाम्पोका म्हणाली. "मुंग्या मेल्या."

"अहो आजी, दूध चांगलं आहे. फक्त त्यात जस्त कमी उतरतं. काही बायकांचं असतं तसं, तिचा काही दोष नाही."

"जस्त? छपराच्या पत्र्याचं?"

"पत्रा नका खायला घालू त्याला! ही गोळी रोज तिच्याच दुधात विरघळवून चमच्याने द्या, आणि अंगावर पोटभर पाजू द्या."

"आणि मुंग्या मेल्या त्या?"

"ज्वारीच्या दारूत टाका, तिथेही मरतील. मग तुम्ही दारू सोडणार का?"

बाहेर बाकावर बसलेल्या बायका खो खो हसल्या. आयाम्पोकाने गोळ्या कनवटीला लावल्या, नातवाला पुन्हा पाठीला बांधलं आणि घरची वाट धरली.

घरी येताच तिने तुंब्यात दारू ओतली आणि मुंग्या सोडल्या. थोड्या वळवळल्या, मग निपचित. म्हातारीने वाकून नीट पाहिलं. मग मुंग्या बोटाने काढून तिने दारू पिऊन टाकली.

लामिसीने गोळीसाठी चमच्यात दूध काढलं, तेवढ्यात सासूने त्यात बोट बुडवून चाटलं.

"गोड आहे गं," ती म्हणाली. "आणि मी चारचौघांत कडू म्हणाले. चुकलं माझं, पोरी."

औषध पाजून तिने अविनेला लामिसीच्या मांडीवर दिलं. पोर असं काही झोंबलं छातीला, की लामिसी रडता रडता हसायला लागली.

आठवडा उलटायच्या आत चट्टे सुकले, जुलाब थांबले, गाल पुन्हा गुळगुळीत झाले. आता आजी नातवाला घेऊन दारोदार मिरवते, जसं काही तिनेच त्याला जन्म दिलाय! पण भूक लागली की तो टाहो फोडतो, आणि तिला धावत परत यावं लागतं.

"घे बाई तुझा मुलगा," ती लामिसीच्या मांडीवर त्याला ठेवत म्हणते. "मला दूध असतं ना, तर दिलाच नसता."