पूर्वेकडच्या दोन खुंट्या

सोमवारी सकाळी साडेअकराला सहावीच्या वर्गाने शाळेच्या नव्या खोलीची आखणी मोजली आणि ती आयत नसल्याचे आढळले.

रिहे खोऱ्यातल्या या शाळेत आरिफाबाई गणित शिकवतात. फळ्यावरचा आयत मुले पाठ करतात, त्याच्या कडेने चालून बघत नाहीत, म्हणून त्यांनी वर्ग मैदानात आणला होता. तिथे चुन्याच्या फक्कीने मारलेल्या पांढऱ्या रेषा तयारच होत्या. चार कोपऱ्यांत चार खुंट्या होत्या. दुपारी पाया खोदायला जेसीबी येणार होता.

समोरासमोरच्या बाजू मुलांनी दोरीने मोजल्या. सारख्या भरल्या.

"झाला आयत?" बाईंनी विचारले.

"व्हय!"

"इतक्यात नाही. आता कर्ण मोजा. या कोपऱ्यातून त्या समोरच्या कोपऱ्यात, तिरके."

जुनैदने एका कर्णावर दोरी ताणून गाठ मारली. तीच दोरी दुसऱ्या कर्णावर धरली, तर गाठ खुंटीच्या वीतभर पुढे गेली. पुन्हा मोजले. तेच.

"बाई, ही तर शंकरपाळी हाय!" राजू ओरडला. "किसनमामा खोली बांधत्यात का तळत्यात?"

वर्ग हसला. प्रियदर्शिनी हसली नाही. किसन गवंडी तिचे वडील. ही खोली नीट झाली तर शाळेच्या कुंपणाचे कामही त्यांनाच मिळायचे होते, आणि मग रोज उठून बावधनला जाणे थांबणार होते.

"हसू नका," बाई म्हणाल्या. "समोरच्या बाजू सारख्या, पण कोन काटकोन नाहीत. हा समांतरभुज चौकोन. यावर खोली बांधली तर फरशी, कपाट, सगळंच तिरकं बसेल."

"पप्पांनी बरोबर आखलं होतं," प्रियदर्शिनी म्हणाली. "पूर्वेकडच्या खुंट्या मी ठोकल्यात."

रविवारी भूमिपूजन झाले. मांडवाच्या खांबांना आड येतात म्हणून कुणीतरी त्या दोन खुंट्या उपटल्या. किसन तेव्हा बावधनला स्लॅबच्या कामावर होता. पाहुणे गेल्यावर तिने खुंट्या परत ठोकल्या, चारही बाजू टेपने मोजून पाहिल्या आणि फक्की मारली. मापे जुळली होती. वडिलांना सांगण्यासारखे काही आहे, असे तिला वाटले नव्हते.

बाईंनी किसनला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि आखणी तिरकी असल्याचे सांगितले.

"बाजू भरत्यात ना, बाई?"

"बाजू भरतात. कर्ण भरत नाहीत."

काँक्रीट मिक्सरच्या आवाजावरून किसन ओरडला, "प्रिया हाय का तितं?"

"हाय, पप्पा. मीच ठोकल्या खुंट्या."

"काल सांगायचं न्हाई व्हय गं? आता ऐक. पश्चिमेच्या खुंट्यांना हात लावू नगंस. पूर्वेच्या तूच सरकव. मी निघतोय. बाई, मी आल्याबिगर खोदू दिऊ नका."

"कुठल्या बाजूला सरकवशील?" बाईंनी विचारले.

"दक्षिणेला. माझ्याकडनं त्या उत्तरेला गेल्यात. सरकवल्या की लांबडा कर्ण आखडंल, आखूड लांबंल."

बरोबर की चूक, बाईंनी सांगितले नाही. "कर आणि मोज," एवढेच म्हणाल्या. पहिल्यांदा दोन बोटांचा फरक राहिला. तिने खुंट्या पुन्हा उपटल्या, ठोकल्या, चारही बाजू तपासल्या. या खेपेला गाठ खुंटीवर आली. राजूने न सांगता फक्कीची पाटी आणून दिली, आणि तिने जुन्या रेषा पुसून नव्या मारल्या.

जेसीबी आला. चालक नथूला पुढे मुठा गावी दुसऱ्या कामावर जायचे होते. "रेघा दिसत्यात की. सुरू करतो."

"पप्पा येईस्तोवर न्हाई," प्रियदर्शिनी रेषेवर उभी राहिली.

"मंग च्या तरी पाजा, ताईसाहेब!"

नथूने इंजिन बंद केले. दोन वाजता किसनचा फोन आला, तो पिरंगुटच्या गर्दीत अडकला होता. नथूचा चहा पिऊन झाला होता. प्रियदर्शिनी नव्या रेषेवर उभी होती, गाठ मारलेली दोरी हातात धरून.