जपानातली सुतारगल्ली

आसाराम सुतारांनी मोबाइल लाकूड तासायच्या रंध्याला टेकवून उभा केला आणि समोर मांडी घालून बसले. नेकनूरच्या त्यांच्या या पत्र्याच्या शेडमध्ये पेरणीच्या तिफणी झाल्या, बैलगाड्यांची चाकं झाली, निम्म्या गावाच्या चौकटी झाल्या. पण जपान इथं पहिल्यांदाच येत होतं, व्हिडिओ कॉलवर. त्यांची लेक योगिता तिकडे एका वृद्धाश्रमात कामाला होती. आज सुटी काढून ती जुन्या कारागिरांची जपून ठेवलेली गल्ली बघायला गेली होती, पण निव्वळ हौसेनं नव्हे. तिला आपल्या वडिलांना, आण्णांना, पटवायचं होतं.

मागच्या श्रावणात कटर मशीननं आसारामांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नेली. तेव्हापासून पोरीनं धोशाच लावला होता की काम बंद करा. शेडला रंग देऊ, हत्यारं काचेच्या कपाटात मांडू, बाहेर तुमच्या नावाची पाटी लावू, शाळेची पोरं बघायला येतील. सरपंच बबनराव तर आतापासूनच तयार होते; फीत कापायची म्हटलं की त्यांना दम निघत नाही. काचवाला उद्या केजहून माप घ्यायला येणार होता. आसारामांना काम सोडायचं नव्हतं. पण लेक इतक्या मायेनं म्हणतेय, तिला नाही कसं म्हणायचं?

"दिसतंय का आण्णा? थांबा, पाटी वाचून दाखवते."

"पाट्या ऱ्हाऊ दे. वर दाखव. तुळई खांबावर कशी बसवली ते दाखव. आगं, तुजा अंगठा बाजूला घे की."

बिचारी मान मोडेस्तोवर मोबाइल वर धरून चालली. दोन्ही बाजूंना काळपट लाकडाची बुटकी घरं. खिळा कुठं दिसेना, सांध्यात केस शिरणार नाही. "वा रे पठ्ठ्या!" आसाराम म्हणाले, आणि परमुलखातल्या कुण्या मेलेल्या सुताराला त्यांनी मनापासून हात जोडले.

एका घरात योगिता शिरली. आत काचेमागे हत्यारं ओळीनं लावलेली.

"आज तिकडं खंडेनवमी हाय का गं?"

"कावून?"

"हत्यारं धुऊन-पुसून मांडलीत. भुईवर एक ढलपी न्हाई. आज कुणी हात लावीत न्हाई वाटतं."

योगिता हसली. "आण्णा, म्युझियम हाय हे. रोजच असं असतंय."

रोजच? खंडेनवमीला एक दिवस हत्यारं पुजून ठेवायची, तर संध्याकाळपर्यंत आसारामांचे तळहात शिवशिवायचे.

"ती पटाशी जवळून दाखव. हां. ह्यो गडी डावखुरा हुता बघ. मूठ कुठं झिजली ते बघ."

कोपऱ्यात स्टुलावर एक म्हातारा बसला होता, येणाऱ्यांना माहिती सांगणारा. योगितानं आण्णांचं बोलणं त्याला जपानीत सांगितलं. म्हातारा ताडकन उठला. मोबाइलसमोर येऊन त्यानं आपला डावा हात वर केला.

"आण्णा, ही ह्यांचीच हत्यारं हायत!"

आसारामांनीही नकळत आपला हात वर केला, पेरं नसलेला. दोघं क्षणभर एकमेकांचे हात बघत राहिले.

"त्यांला इचार, काम कावून सोडलं?"

योगितानं विचारलं. म्हातारा बराच वेळ हळूहळू बोलला.

"काय म्हणले गं?"

तिनं 'वय झालं म्हणून' असं सांगितलं असतं तर आसारामांना जन्मात कळलं नसतं. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग मान खाली घालून सगळं सांगितलं.

"ते म्हणत्यात, हात थरथरायला लागले हुते. पोरानं लई मायेनं हे कपाट केलं, म्हणून माज्यानं मोडता घालवला न्हाई. आता रोज येऊन माजीच हत्यारं लोकांला दाखवितो. हात लावायचा म्हणलं तर पोराकडं चावी मागावी लागती."

आसारामांनी शेजारची आपली पटाशी उचलून हातात धरली.

"आण्णा, तुमालाबी असंच वाटतंय का?"

"व्हय," आसाराम म्हणाले. सहा महिने घशात अडकलेला शब्द एवढासाच होता.

योगिताला रडू आलं. "मला भ्या वाटतंय आण्णा. फोन वाजला की काळजात धस्स हुतंय. म्हणून करीत हुते."

"ठावं हाय, बाई. म्हणून तर माजं तोंड उघडना." त्यांचेही डोळे भरले. "ते कटर मी उद्याच काढून टाकतो. तेवढं तुजं खरं. बाकीचं हातानं करीन, हळूहळू करीन."

"काचवाल्याला मीच नको म्हणून सांगते," ती म्हणाली. नाक पुसून ती म्हाताऱ्याकडे वळली आणि हे सगळं तिनं त्याला जपानीत सांगितलं. म्हाताऱ्यानं आसारामांकडे बघत वाकून नमस्कार केला. सरळ झाला तेव्हा तो हसत होता. आणि मग हसता हसता त्यानं काचेमागच्या आपल्या हत्यारांकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा रडवेला झाला.