'घेतली'चं बटण

ऑफिसात सगळे तिला शंकासूर म्हणायचे, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. प्रोग्रामरांनी बनवायचं आणि तिने ते मोडून दाखवायचं, त्याचाच तर पगार होता! टेस्टरने शंका काढायच्या नाहीत तर काय नुसत्या टाळ्या पिटायच्या?

कंपनीने म्हाताऱ्या माणसांना औषधाची आठवण करून देणारं ॲप बनवलं होतं. वेळ झाली की फोन वाजणार आणि गोळी घ्या म्हणणार. ते आज दुपारी लोकांच्या हाती पडायचं होतं. त्याआधी इथली एक रीत होती: सगळ्या टीमने मोठ्या टेबलाभोवती उभं राहायचं आणि एकेकाने "जाऊ दे" म्हणायचं. एक जरी अडला तरी ॲप जागचं हलत नसे. मागे दोनदा तीच अडली होती. तेव्हा मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावून, अगदी साखरेत घोळून सांगितलं होतं, की पुन्हा अडलीस तर तक्रारींच्या फोनवर बसवीन. म्हणजे जिवापाड आवडणारं काम गेलं, आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या.

आज मात्र तीही "जाऊ दे" म्हणणारच होती. चूक म्हणून सापडत नव्हती. शेवटची नजर टाकायला तिने फोन उचलला, तर चाळिशी घरीच राहिलेली. नवीनच लागली होती, सवय कुठे होती! काही दिसेना, म्हणून तिने फोनमधली अक्षरं चांगली ठसठशीत केली.

आणि 'घेतली' हे बटणच गायब! अक्षरं फुगली तसं ते खाली ढकललं जाऊन स्क्रीनबाहेर पडलं होतं. उरलं होतं एकच: 'थोड्या वेळाने आठवण करून द्या'. गोळी घेतलेला माणूस दिसतंय तेच बटण दाबणार, तासाभराने फोन पुन्हा वाजणार, आणि एखादा विसरभोळा जीव दुसरी गोळी तोंडात टाकणार. तक्रारींचा फोन तिच्या डोळ्यांसमोर आला खरा, पण काय करायचं हा प्रश्न तिला पडलाच नाही.

टेबलाभोवती "जाऊ दे, जाऊ दे" फिरत फिरत तिच्यापाशी आलं.

"नाही जाणार," ती म्हणाली, आणि तिने फोन मधोमध ठेवून सगळं दाखवलं.

"अगं, एवढी मोठी अक्षरं करतं कोण?" मॅनेजर वैतागला.

"ताईंना चाळिशी लागली वाटतं!" एक प्रोग्रामर खिदळला.

"लागली. औषधं घेणाऱ्यांना काय विशी लागलेली असते? तुम्ही सगळे पंचविशीचे, तुमच्या फोनातली अक्षरं मुंगीएवढी. दिसणार कसं?"

"तक्रारींच्या फोनवर जायचंय का तुला?" मॅनेजरने सगळ्यांदेखत विचारलं.

"बसवा सर, खुशाल बसवा. पण पहिला फोन कुणाचा येईल, त्याचा विचार करून बसवा."

ते ऐकताच मॅनेजरला आपली आई आठवली. त्याचा चेहरा उतरला. काल रविवारी त्याने हेच ॲप, लोकांच्याही आधी, हौसेने तिच्या फोनात घालून दिलं होतं. तिला वाचता यावं म्हणून अक्षरंही त्यानेच मोठी केली होती. त्याने तिथल्या तिथे फोन लावला, घाईत स्पीकर चालू झाला.

"आई, बीपीची गोळी घेतलीस?"

"घेतली की. दोनदा घेतली. तुझं ते यंत्र ऐकतंय कुठे! घेतली तरी घे घे म्हणून मागेच लागतं. म्हटलं लेकाने केलंय, त्याला जास्त कळत असेल."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे रे. जरा गरगरतंय, म्हणून आडवी झालेय."

"आडवीच राहा. आता वाजलं तर गोळीला हात लावायचा नाही. मी डॉक्टरांना घेऊन येतोय." त्याने किल्ल्या उचलल्या. दारात थबकून तो टीमला म्हणाला, "ही जाऊ दे म्हणेपर्यंत काही जाणार नाही." आणि धावतच सुटला.

ती मघाच्या खिदळणाऱ्या प्रोग्रामरशेजारी खुर्ची ओढून बसली.

"चल, अक्षरं मोठी कर," ती म्हणाली. "आणखी. अरे लाजतोस काय, अजून मोठी कर! तुझ्या आजीला दिसली पाहिजेत."